तुमचं विमान कोलकात्याकडे का वळलं?

प्रश्न : आमची मुलगी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. दोन-तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही उभयता मुंबईहून थेट विमानाने सॅन फ्रान्सिस्कोला गेलो. निघण्याआधी जावईबापूंनी संगणकावर अंतर काढून दिलं होतं, ते साडेतेरा हजार किलोमीटर भरलं. विमानातल्या पडद्यावरचा हिशेब मात्र चौदा हजारांच्या पुढे गेला. नकाशात अमेरिका पश्चिमेला, आणि आमचं विमान निघालं कोलकात्याच्या दिशेनं! जाताना सोळा तास लागले, येताना साडेसतरा. त्यातही जाताना दुपारी चारला निघालो ते त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला पोचलो, आणि येताना शुक्रवारी रात्री नऊला निघालो ते रविवारी पहाटे चारला मुंबईत. अंतर तेच, मग हा घोळ कसला? नेमकं अंतर आहे तरी किती?
— एक वाचक, मिरज

उत्तर : जावईबापूंचा आकडा चुकलेला नाही आणि विमानातला पडदाही खोटं बोलत नव्हता. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजत होते, इतकंच. वैमानिक तर तिसरंच अंतर मोजत असतो. त्याच्याकडे नंतर वळू, कारण तुमच्या साडेसतरा तासांचं उत्तर तिथं आहे.

आधी संगणकाचं अंतर. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, साधारणपणे धावपट्ट्यांच्या मधोमध. त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात. मुंबईचे अंदाजे १९.१ अंश उत्तर आणि ७२.९ अंश पूर्व, सॅन फ्रान्सिस्कोचे ३७.६ अंश उत्तर आणि १२२.४ अंश पश्चिम. या दोन बिंदूंमधलं पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सुमारे १३,५०० किलोमीटर. त्यात वारा नाही, डोंगर नाही, कुणाची सरहद्द नाही. ही शुद्ध भूमिती आहे.

ही कमीत कमी अंतराची रेघ भिंतीवरच्या नकाशात शोधू नका. शाळेतला नकाशा गोल पृथ्वी ताणून सपाट केलेला असतो आणि ध्रुवांकडे ही ताणाताण फारच होते. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को अशा दोन ठिकाणी बोटांनी दोरा धरा आणि घट्ट ओढा. दोरा पूर्वेलाही जाणार नाही आणि पश्चिमेलाही नाही, तो सरळ वर उत्तरेला चढेल. मी गणित करून पाहिलं. मुंबईतून निघताना ही रेघ उत्तरेपासून जेमतेम चौदा अंश पूर्वेकडे कललेली असते. ती राजस्थान-हरियाणाच्या सीमेवरून, लडाखवरून, चीनच्या शिनजियांगमधून अल्ताई पर्वतांकडे जाते, मग सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरात न्यू सायबेरियन बेटांच्या परिसरात ७६ अंशांच्याही वर पोचते. तिथून उतरणीला लागून अलास्काचं उत्तर टोक, कॅनडातला युकॉन, मग पॅसिफिकचा किनारा धरून सॅन फ्रान्सिस्को. म्हणजे मुंबईकराच्या दृष्टीनं कॅलिफोर्निया ना पूर्वेला ना पश्चिमेला, ती आहे लडाखच्या पलीकडे उत्तरेला!

आता या रेघेवरून विमान का जात नाही? पहिला अडथळा लडाखपासूनच सुरू होतो. काराकोरम आणि तिबेटच्या पठारावरून विमानाला उडता येत नाही असं नाही, पण तिथं काही बिघडलं तर उतरता येत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान तातडीनं सुमारे १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरपर्यंत खाली आणावं लागतं. तिथली हवा नळीशिवाय श्वासात घेता येते. डोक्यावरून जे पिवळे मुखवटे खाली पडतात, त्यांतला प्राणवायू बहुतेक विमानांत बारा ते वीस मिनिटंच पुरतो. तेवढ्या वेळात खाली यायचं आणि खाली तर सात-आठ हजार मीटरची शिखरं. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटरवर आहे. म्हणून विमानं हा भाग शक्यतो टाळतात, किंवा सुटकेची वाट आधी ठरवून काही मोजक्याच मार्गांनी ओलांडतात.

दुसरा अडथळा माणसांनी उभा केलेला. हवेत कुंपण दिसत नाही, पण असतं. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्ताननं आपलं आकाश बंद ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय विमान कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तेव्हा रशियानं युरोप, ब्रिटन, कॅनडाच्या आणि नंतर अमेरिकेच्याही विमानांना आपलं आकाश नाकारलं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. याचा परिणाम असा, की त्याच दोन विमानतळांमध्ये एका देशाच्या कंपनीसाठी अंतर कमी आणि दुसऱ्या देशाच्या कंपनीसाठी जास्त. त्यावेळी अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सला सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली ही उड्डाणं थांबवावी लागली, एअर इंडियाची चालू राहिली.

अर्थात रशियावरून जाण्याची मुभा म्हणजे निव्वळ फायदा, असंही नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७७७ एका इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या पार पूर्व टोकाला, मगादानला उतरवावं लागलं. दोनशेच्या वर प्रवासी, गावात तेवढी हॉटेलं नाहीत, मग वसतिगृहं आणि शाळेत गाद्या टाकून सोय झाली. दुसरं विमान येईपर्यंत मंडळी तिथंच. दोन इंजिनांच्या विमानाला असा नियमच आहे, की मार्गात कुठंही एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात एखाद्या विमानतळाला पोचता आलं पाहिजे. मार्ग आखताना हे आसऱ्याचे विमानतळ आधी मांडायचे आणि मग त्यांना धरून रेघ ओढायची. मगादानसारखी नावं प्रवाशांना एरवी कधी ऐकू येत नाहीत, पण मार्ग आखणाऱ्याच्या कागदावर ती रोज असतात.

पण डोंगर आणि सरहद्दी मिळूनही तुमच्या विमानाचं कोलकात्याकडे वळणं पुरतं समजत नाही. ग्यानबाची मेख वाऱ्यात आहे.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्यम अक्षांशांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि वेगवान झोत पृथ्वीभोवती वाहत असतात. इंग्रजीतलं 'जेट स्ट्रीम' हेच नाव आपल्याकडेही रुळलंय. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा जिथं भिडतात, तिथं तापमानातला फरक आणि पृथ्वीचं फिरणं यांतून हे झोत तयार होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून झोतही जोर धरतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांची नेहमीची चाल, आणि जोरात असले की चारशेपर्यंतही जातात. जगातले सर्वांत दांडगे झोत सापडतात ते जपानच्या डोक्यावर आणि तिथून पुढे प्रशांत महासागरावर.

ते सापडले कसे, ही गोष्ट मला फार आवडते. जपानमध्ये तातेनो इथं वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करणारी वेधशाळा होती. तिचे प्रमुख वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात हवेत फुगे सोडायचे आणि जमिनीवरच्या दुर्बिणीतून ते कुठं जातात हे टिपून ठेवायचे. हिवाळ्यात नऊ किलोमीटरवर गेलेले फुगे पूर्वेकडे जी धाव घ्यायचे, ती त्या काळच्या बहुतेक विमानांना हेवा वाटावा अशी. ओइशींनी आकडे मांडले आणि १९२६ साली अहवाल छापला. तो जपानीत नव्हता आणि इंग्रजीतही नव्हता. त्यांनी तो एस्पेरांतो या बनवलेल्या जागतिक भाषेत छापला. साऱ्या जगाला वाचता यावा हा हेतू, आणि झालं असं की जपानबाहेर तो जवळजवळ कुणीच वाचला नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बाँबफेकी विमानं टोकियोवर आली, तेव्हा त्यांना हा वारा मागून बसला. विमानं ताशी सातशे किलोमीटरच्या वेगानं लक्ष्यावरून निघून गेली आणि बाँब भलतीकडेच पडले. त्याच हिवाळ्यात जपाननं उलट डाव टाकला. खास कागदाचे प्रचंड फुगे बनवून, त्यांना बाँब बांधून, नऊ हजारांवर फुगे त्याच वाऱ्यात सोडले. प्रशांत महासागर ओलांडायला फुग्यांना तीन-चार दिवस लागायचे. बहुतेक वाटेतच हरवले, पण मे १९४५ मध्ये ऑरेगनच्या जंगलात सहलीला गेलेली एक गरोदर स्त्री आणि पाच मुलं अशा एका फुग्याच्या बाँबनं मारली गेली. ज्या वाऱ्यावर तुम्ही मुलीकडे गेलात, तो हाच.

आता वैमानिकाचं अंतर. विमान हवेला धरून उडतं, जमिनीशी त्याचा संबंध फक्त दोन टोकांना. लांब पल्ल्याचं मोठं विमान भोवतालच्या हवेत ताशी नऊशेच्या आसपास वेगानं जातं. ती हवाच शंभरच्या वेगानं पूर्वेला चाललेली असेल, तर पूर्वेला जाताना जमिनीवर मोजलेला वेग हजार आणि पश्चिमेला जाताना आठशे. प्रवाहाबरोबर पोहणाऱ्याला आणि प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याला हात सारखेच मारावे लागतात, पण काठावरची झाडं सारख्या वेगानं मागे पडत नाहीत. तेव्हा वैमानिकाचा प्रश्न 'जमीन किती कापायची' असा नसतो, 'हवा किती कापायची' असा असतो. कारण इंधन जळतं ते हवा कापण्याच्या हिशेबानं.

याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच देशातला आहे. एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. तेव्हा विमान पश्चिमेकडे अटलांटिकवरून जायचं. मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटर, वेळ साडेसोळा तासांच्या घरात, कारण वारा तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडे प्रशांत महासागरावरून नेलं. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. वेळ मात्र साडेचौदा तास! भागाकार करून पाहा. पहिल्या मार्गावर सरासरी वेग ताशी ८४० पडतो, दुसऱ्यावर १,०५० च्या वर. हवेच्या हिशेबात बोलायचं, तर ताशी नऊशेनं साडेसोळा तास म्हणजे जवळपास १४,८०० किलोमीटर हवा आणि साडेचौदा तास म्हणजे १३,००० च्या आसपास. जमिनीवर लांब असलेली वाट हवेत आखूड होती. लांबच्या वळणानं जा आणि लवकर पोचा, असं सांगितलं तर एसटीचा कोणताही चालक हसेल, पण इथं ते दोन तासांनी खरं ठरलं.

त्या पहिल्या फेरीची आणखी एक गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. विमान दिल्लीहून रविवारी, १६ ऑक्टोबरच्या पहाटे चारला निघालं. प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तेव्हा खालच्या जगात शनिवार चालू होता. आणि सॅन फ्रान्सिस्कोला चाकं टेकली ती पुन्हा रविवारी, सकाळी साडेसहाच्या सुमाराला. परतताना विमान अटलांटिकवरून पूर्वेलाच आलं, तर दोन्ही वेळा वारा पाठीशी आणि जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाही पदरात.

तुमचं मुंबईचं विमान याच चालीनं गेलं. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा एअर इंडियानं डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केली. मुंबईहून ईशान्येला बंगालकडे, मग म्यानमार, चीन, जपानच्या बाजूनं प्रशांत महासागर. त्या दिवशीचा वारा पाहून कोलकात्याकडे वळणं फायद्याचं होतं. डिसेंबरात तर हा झोत ऐन जोरात असतो. पडद्यावर चौदा हजारांवर गेलेला आकडा या आडवळणाचा, आणि सोळा तासांत पोचलात तेही त्याच्याचमुळे.

पुढच्या वेळी त्या पडद्यावर दोन-तीन आकडे शेजारी शेजारी पाहा. उंची ३५,००० फूट, बाहेरचं तापमान उणे ५४, आणि 'ग्राउंड स्पीड' म्हणून एक आकडा. जपान मागे पडल्यावर हा आकडा ९०० वरून १,०५० च्या पलीकडे गेलेला दिसला, तर वरचे दीडशे-पावणेदोनशे वाऱ्याचे. वैमानिकानं इंजिनाला जास्त जोर दिलेला नसतो. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असा काही झोत लागला होता, की वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी १,२८० किलोमीटरच्या वर गेला. ध्वनीपेक्षा वेगवान वगैरे काही नाही, भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच चालीनं चाललं होतं.

परतीला मात्र हाच वारा तोंडावर. पश्चिमेला जायचं तर तो टाळून उत्तरेकडून, अलास्का आणि सायबेरियाच्या बाजूनं वाट काढायची, किंवा अटलांटिक-युरोपवरून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यानं यायचं आणि शेवटी पश्चिम आशियातल्या बंद-खुल्या आकाशांतून मार्ग शोधायचा. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं, ते उत्तर ध्रुवाकडून. वाट कोणतीही धरा, जाण्यापेक्षा येण्याला वेळ जास्त. म्हणून तुमचे साडेसतरा तास. पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर तर जून २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-मुंबई विमान कोलकात्याला थांबून पुढे येत होतं. कोलकाता पुन्हा आलं पाहा, पण या वेळी उलट्या कारणानं.

हा सगळा निर्णय घेतो कोण? वैमानिक एकटा नाही. कंपनीच्या कार्यालयात बसलेला 'डिस्पॅचर' उड्डाणाच्या काही तास आधी मार्ग आखतो. साऱ्या जगाच्या विमानांसाठी वरच्या वाऱ्यांचे अंदाज दोन केंद्रांतून निघतात, एक लंडनचं आणि दुसरं वॉशिंग्टनचं. ते दिवसातून चारदा नव्यानं येतात. प्रशांत महासागरावर तर हवेतल्या वाटाच रोज वाऱ्याप्रमाणे नव्यानं आखल्या जातात. त्या अमेरिकेतलं ओकलंडचं केंद्र आणि जपानचं केंद्र मिळून ठरवतात. मंगळवारची वाट बुधवारी शेकडो किलोमीटर सरकलेली असू शकते. म्हणून 'नेमकं अंतर किती' या तुमच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असं, की भूमितीतलं १३,५०० आणि प्रत्यक्षातलं त्या दिवशीचं.

तिकिटावरच्या वेळेबद्दल थोडकंच. ती हवेतली वेळ नसते. फाटकापासून विमान मागे ढकललं गेलं तिथपासून पलीकडच्या फाटकाशी ते उभं राहिलं तिथपर्यंतची ती वेळ. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच काय ती वापरात. रांगेत वीस-पंचवीस मिनिटं गेली तरी तीही प्रवासातच धरलेली असतात. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात आणि मग 'वेळेआधी पोचलो' असं ऐटीत जाहीर करतात. त्या घोषणेला टाळ्या वाजवू नयेत, असं माझं मत.

राहिला दिवसांचा घोळ. तो सोडवायची एकच युक्ती : सगळं भारतीय वेळेत करा. कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्यामागे साडेतेरा तास असते आणि मार्च ते नोव्हेंबर साडेबारा, कारण ते लोक उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ढकलतात. तुम्ही दुपारी चारला निघालात, सोळा तासांनी भारतात सकाळचे आठ. त्यातून साडेतेरा वजा करा, तिथं आदल्या संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे घड्याळानं अडीच तासांत अमेरिका! येताना शुक्रवारी रात्री नऊ म्हणजे भारतात शनिवारी सकाळी साडेदहा. त्यात साडेसतरा मिळवा, रविवारी पहाटे चार. शनिवार कुणी चोरला नाही. जाताना तुम्हाला साडेतेरा तास उसने मिळाले होते, ते परतीला फेडले. मात्र मुलीकडे मार्चच्या मध्यापर्यंत राहून निघालात, तर फेड साडेबाराचीच होते आणि एका तासाचा हिशेब जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं. तेव्हा घड्याळ त्यांनी मध्येच पुढे केलं होतं का, हे आधी तपासा.

याच विषयावरची आणखी दोन पत्रं हाताशी आहेत, तीही उरकून टाकू.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसतं हवेत थांबून राहिलं तर अमेरिका आपोआप खाली येणार नाही का?
— नववीतली एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नाही येणार, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि विमानही. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटरनं पूर्वेला धावते. हवा मागे राहिली असती, तर आपल्या अंगणात कायम तेवढ्या वेगाचं वादळ असतं. पण तुझ्या प्रश्नात एक खरा धागा आहे. पृथ्वी फिरते म्हणूनच उष्ण प्रदेशातून ध्रुवाकडे निघालेली हवा सरळ न जाता पूर्वेकडे वळते आणि त्यातून वर सांगितलेला झोत तयार होतो. फिरणारी पृथ्वी विमानाला थेट मदत करत नाही, वाऱ्याच्या हातून करते. आणि अमेरिकेला जाताना तो वारा पूर्वेकडे नेतो, तुझ्या कल्पनेच्या बरोबर उलट दिशेला.

प्रश्न : मुंबईपासून सर्वांत लांबचा विमानतळ कोणता?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांत सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही, कारण पृथ्वीचा परीघ ४०,००० आहे. मुंबईच्या नेमकं पलीकडचं ठिकाण दक्षिण प्रशांत महासागरात, १९ अंश दक्षिण आणि १०७ अंश पश्चिम या जागी पडतं. तिथं फक्त पाणी आहे. त्या बिंदूपासून दक्षिणेला सुमारे नऊशे किलोमीटरवर चिलीच्या ताब्यातलं ईस्टर आयलंड आहे, तेच ते भल्या थोरल्या दगडी पुतळ्यांचं बेट. तिथला मातावेरी विमानतळ मुंबईपासून अदमासे १९,००० किलोमीटरवर. एवढ्या अंतरावर थेट विमान नाही. आज नियमित चालणारं जगातलं सर्वांत लांब पल्ल्याचं उड्डाण सिंगापूर ते न्यूयॉर्क, तेही १५,३०० च्या आसपास आणि अठरा तासांच्या वर. मातावेरीला जायचं तर आधी चिलीची राजधानी सांतियागो गाठायची आणि तिथून आणखी साडेतीन हजारांवर किलोमीटर पश्चिमेला. बेट लहान, वस्ती काही हजारांची, पण धावपट्टी मात्र तीन किलोमीटरहून लांब. अमेरिकेच्या नासानं १९८० च्या दशकात ती वाढवून घेतली. कॅलिफोर्नियातून उडणाऱ्या अवकाशयानाला अडचण आली, तर उतरायला जागा हवी म्हणून. ते यान कॅलिफोर्नियातून कधी उडालंच नाही, त्यामुळे लांबलेल्या धावपट्टीचा फायदा झाला तो मोठ्या प्रवासी विमानांना.